पिशवी, चाकू आणि शब्द : वैद्यकीय भाषेला कुलूप कोणी लावलं?

ठाण्याहून माजिवडा ओलांडून घोडबंदर रोडला लागलं की दोन्ही बाजूंना दवाखान्यांच्या पाट्या सुरू होतात. नेफ्रोलॉजी, गॅस्ट्रोएंटरॉलॉजी, ऑर्थोपेडिक्स, हिमॅटॉलॉजी. मेट्रोच्या खांबांमधून रखडत जाणाऱ्या बसच्या खिडकीतून या पाट्या रोज वाचता येतात, आणि त्या वाचणाऱ्या बहुतेकांना त्यांचा अर्थ लागत नाही. मानपाडा, पातलीपाडा, कासारवडवली या पट्ट्यात उंच टॉवर आहेत, आणि त्या टॉवरमध्ये धुणीभांडी, स्वयंपाक, झाडलोट करणाऱ्या बायकांच्या वस्त्याही आहेत. आमचं काम या वस्त्यांत चालतं.

दोन वर्षांपूर्वी अशाच एका वस्तीतली ताई प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं जुनं डिस्चार्ज कार्ड घेऊन आमच्याकडे आली. मूळची मराठवाड्यातली. लग्नानंतर सहा-सात हंगाम ऊसतोडीला गेलेली, मग नवऱ्याबरोबर ठाण्याला आलेली. वय तेहतीस. अंगातून एकदम वाफा निघतात, रात्री घामाने अंथरूण भिजतं, कंबर आणि गुडघे म्हातारीसारखे दुखतात, ही तिची तक्रार. आम्ही विचारलं, "ताई, ऑपरेशन कसलं झालं होतं?" ती म्हणाली, "पिशवी काढली म्हनले डाक्टर. चार वर्सं झाली."

कार्डावर इंग्रजीत सहा अक्षरं होती : टी.ए.एच. आणि बी.एस.ओ. खाली कोणीतरी पूर्ण नाव लिहिलं होतं. टोटल ॲब्डॉमिनल हिस्टरेक्टॉमी विथ बायलॅटरल सॅल्पिंगो-ऊफोरेक्टॉमी.

आम्ही तो शब्द तिच्यासमोर कागदावर फोडला. हिस्टेरा म्हणजे ग्रीक भाषेत गर्भाशय. एक्टॉमी म्हणजे कापून बाहेर काढणं. इथपर्यंत तिला माहीत होतं. पुढे : बाय म्हणजे दोन, लॅटरल म्हणजे बाजूचं, दोन्ही बाजूंचं. सॅल्पिंक्स म्हणजे तुतारी; तुतारीसारख्या आकाराची गर्भनलिका. ऊफोर म्हणजे अंडं वाहणारं, अंडाशय. आणि शेवटी पुन्हा तेच एक्टॉमी. म्हणजे पिशवी काढलीच, दोन्ही नळ्या आणि दोन्ही अंडाशयंही काढली. एकोणतिसाव्या वर्षी. अंडाशयं गेली की पाळी जाण्याचं वय त्याच दिवशी येतं. वाफा, घाम, ठिसूळ होत जाणारी हाडं, सगळं त्यातून येतं.

ती बराच वेळ कागदाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "हे कार्डावर लिवलं व्हतं? चार वर्सं माझ्या पेटीत व्हतं की हे."

हा लेख त्या एका वाक्यासाठी आहे. तिच्यापासून काहीच लपवलेलं नव्हतं. सगळं लिहून तिच्या हातात दिलेलं होतं. फक्त ते अशा भाषेत होतं की हातात असूनही तिचं नव्हतं. ज्ञानबंदीचा हा नवा प्रकार आहे का? आमचं म्हणणं असं की तो फार जुना आहे.

चाकू कुठे फिरला, हे शेपटीत लिहिलेलं असतं

आधी या शब्दांची रचना बघू, कारण ती अवघड नाही. अवघड आहे असं वाटायला लावलेलं आहे.

बहुतेक वैद्यकीय शब्दांचे दोन किंवा तीन तुकडे असतात. मधला तुकडा अवयव सांगतो : हेपॅट म्हणजे यकृत, नेफ्र म्हणजे मूत्रपिंड, कार्डि म्हणजे हृदय, गॅस्ट्र म्हणजे जठर, एंटर म्हणजे आतडं, ऑस्टि म्हणजे हाड, आर्थ्र म्हणजे सांधा, हीम म्हणजे रक्त. शेवटचा तुकडा काय झालं किंवा काय केलं ते सांगतो : आयटिस म्हणजे सूज-दाह, अल्जिया म्हणजे दुखणं, ईमिया म्हणजे रक्ताची अवस्था, युरिया म्हणजे लघवीतली गोष्ट. पुढचा तुकडा कमी-जास्त, आत-बाहेर सांगतो : हायपर म्हणजे जास्त, हायपो म्हणजे कमी, टॅकी म्हणजे जलद, ब्रॅडी म्हणजे मंद, एंडो म्हणजे आत. दोन तुकड्यांमध्ये उच्चार अडू नये म्हणून बहुतेक वेळा एक 'ओ' घातलेला असतो. झालं.

पण सगळ्यात महत्त्वाच्या चार शेपट्या शस्त्रक्रियेच्या आहेत. स्कोपी म्हणजे बघणं. टॉमी म्हणजे कापून उघडणं. स्टॉमी म्हणजे तोंड करणं, छिद्र ठेवणं. एक्टॉमी म्हणजे कापून काढून टाकणं. लॅपरोस्कोपीत पोटात नळी घालून बघतात. लॅपरोटॉमीत पोट उघडतात. हिस्टरेक्टॉमीत गर्भाशय काढतात. कानाला हे शब्द भावंडांसारखे लागतात. बाईच्या शरीराच्या दृष्टीने त्यांच्यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे.

हे अंतर देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेलं आहे. १९९५ साली दिल्लीत समीरा कोहली नावाची ४४ वर्षांची अविवाहित स्त्री रक्तस्रावाच्या तक्रारीसाठी दवाखान्यात गेली. तिने सही केली ती तपासणीच्या आणि उपचाराच्या लॅपरोस्कोपीसाठी. गरज पडल्यास लॅपरोटॉमी, असंही त्यात होतं. ती भुलीखाली असताना बाहेर बसलेल्या तिच्या आईची संमती घेतली गेली, आणि गर्भाशय, दोन्ही नळ्या, दोन्ही अंडाशयं काढली गेली. तेच टी.ए.एच., तेच बी.एस.ओ. १६ जानेवारी २००८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला : तपासणीसाठी दिलेली संमती म्हणजे अवयव काढण्याची संमती नव्हे, सज्ञान, शुद्धीवर येऊ शकणाऱ्या स्त्रीच्या वतीने आईची सही चालत नाही, आणि काय करणार, दुसरा पर्याय काय, धोका काय, हे पुरेसं समजावून सांगितल्याशिवाय संमती ही संमतीच नाही. डॉक्टरांना शस्त्रक्रियेची फी सोडावी लागली आणि २५,००० रुपये भरपाई द्यावी लागली.

भरपाईचा आकडा लहान आहे. पण नीट बघा, हा अख्खा खटला शब्दाच्या तीन शेपट्यांवर उभा आहे. स्कोपी, टॉमी, एक्टॉमी. दिल्लीतल्या एका स्त्रीला लढता आलं, कारण आपण कशावर सही केली आणि आपलं काय झालं यातला फरक तिला वाचता आला.

आता बीडकडे या. २०१९ साली ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न देशभर गाजला. राज्य सरकारने नेमलेल्या, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीसमोर आलेल्या पाहणीत बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. म्हणजे साधारण सहातली एक. देशभरातलं प्रमाण तीन टक्क्यांच्या आसपास असताना. पाळीच्या दिवसांत खाडा पडला तर मुकादम दंड कापतो, फडात पाणी नाही, आडोसा नाही, म्हणून दुखणं वाढतं. आणि 'पिशवी काढून टाका, कॅन्सर होईल' या एका वाक्यावर बाई टेबलावर जाते. ऊसतोडीला जाणाऱ्यांत दलित, भटके-विमुक्त, वंजारी, मराठा अशा सगळ्या जातींतले भूमिहीन आणि कोरडवाहू लोक आहेत. त्यांच्यातल्या किती जणींच्या कार्डावर पुढे 'ऊफोरेक्टॉमी' लिहिलेलं आहे, आणि किती जणींना ते माहीत आहे? हा प्रश्न आम्हाला त्या दिवसापासून सोडत नाही.

हात आमचा, नाव त्यांचं

या देशात शरीराचं ज्ञान आणि शरीराला हात लावणं या दोन गोष्टी जातीने वेगळ्या केल्या. सुश्रुतसंहितेत मृत शरीर पाण्यात ठेवून, मऊ झाल्यावर थर काढत आतले अवयव बघण्याची पद्धत दिलेली आहे. म्हणजे ज्ञान हातातून येतं हे त्या परंपरेतल्या वैद्यांना माहीत होतं. त्याच ग्रंथात शिष्य कोणाला करावं याची यादी आहे ती ब्राह्मण, क्षत्रिय, वैश्य अशी. शूद्रालाही उपनयनाशिवाय आणि मंत्र वगळून शिकवावं, असं काही आचार्यांचं मत म्हणून शेवटी जोडलेलं आहे. शूद्राच्या खाली असलेल्यांचा उल्लेखही करायची गरज वाटलेली नाही.

आणि मनुस्मृती? तिच्या चौथ्या अध्यायात वैद्याचं अन्न पुवासारखं त्याज्य ठरवलं आहे, तिसऱ्या अध्यायात वैद्याला श्राद्धाच्या पंगतीतून वगळलं आहे. का? तो रक्ताला, पुवाला, आजाऱ्याला हात लावतो म्हणून. जो हात लावेल तो अपवित्र, हा नियम आहे. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी जो ग्रंथ जाळला, तो केवळ पाण्याच्या आड आलेला नव्हता. तो विज्ञानाच्याही आड आलेला होता.

याचा परिणाम काय झाला? मेलेलं जनावर ओढणं, सोलणं, फाडणं हे ज्या जातींवर लादलं गेलं, त्यांच्या हातांना शरीर माहीत होतं. काळीज, फोपसं, भेजा, आतडी, वजडी, बरगडी, नळी. हे शब्द आमच्या आज्यांना शाळेत न जाता येत होते. कुठला अवयव कुठे असतो, कुठली शीर कुठे जाते, हे पिढ्यान्पिढ्या माहीत होतं. पण त्या ज्ञानाला ज्ञान म्हटलं गेलं नाही, विटाळ म्हटलं गेलं. १८३६ साली कलकत्त्यात मधुसूदन गुप्त या वैद्य जातीतल्या शिक्षकाने शवविच्छेदन केलं, तो इतिहासातला क्रांतिकारी क्षण मानला जातो, आणि धैर्याचा होताच. पण प्रेत उचलून आणणारे हात कोणाचे होते, त्यांची नावं कुठे आहेत? आजही शवागारात टाके उसवणारे, शिवणारे हात बहुतेक वेळा कोणत्या जातींचे असतात, हे कोणत्याही सरकारी रुग्णालयात जाऊन बघावं. चाकू एकाचा, अहवालावरचा शब्द दुसऱ्याचा.

आम्ही 'आमचा जुना धंदा थोर होता' असं म्हणत नाही. बाबासाहेबांनी मेलेली ढोरं ओढणं सोडा म्हणून सांगितलं आणि आमच्या लोकांनी सोडलं, ते योग्यच केलं. आम्ही इतकंच म्हणतो की आमच्याकडे डोकं नव्हतं म्हणून शब्द नव्हते, ही कथा खोटी आहे.

दुसरी परंपराही होती

विनयपिटकातल्या चुल्लवग्गात एक प्रसंग आहे. जन्माने ब्राह्मण असलेले दोन भिक्खू, सख्खे भाऊ, बुद्धांकडे तक्रार घेऊन जातात. वेगवेगळ्या कुळांतून, वेगवेगळ्या भागांतून आलेले भिक्खू आपापल्या बोलीत बुद्धवचन बोलून ते बिघडवतात. आपण ते छांदसात बसवू या, असा त्यांचा प्रस्ताव. बुद्धांनी तो फेटाळला, तसं करणं दोष ठरवला आणि 'स्वतःच्या भाषेत' शिकण्याची परवानगी दिली. 'स्वतःच्या' म्हणजे नेमकं कोणाच्या, यावर पंडितांचे वाद आहेत. पण वैदिक भाषेचं कुलूप नाकारलं, यावर वाद नाही.

याच विनयपिटकातल्या महावग्गात औषधांवर एक अख्खा खंड आहे, आणि आजाऱ्याची सेवा ही बुद्धांची सेवा आहे हा विचारही तिथेच आहे. जीवक हा त्या काळातला सर्वांत मोठा वैद्य. जन्मताच उकिरड्यावर टाकलेलं मूल. तक्षशिलेला सात वर्षं शिकला. त्याचं कूळ कोणी विचारलं नाही. सम्राट अशोकाच्या दुसऱ्या शिलालेखात माणसांसाठी आणि जनावरांसाठी औषधोपचाराची सोय केल्याचं नोंदवलेलं आहे, स्वतःच्या राज्यात आणि ग्रीक राजा अंतियोकाच्या राज्यातही. आणि हे लेख संस्कृतात नाहीत, लोकांच्या प्राकृतात आहेत. घोडबंदर रोडने पुढे जाऊन वसईकडे वळलं की सोपारा लागतं. तिथे १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींना अशोकाच्या आठव्या लेखाचा तुकडा सापडला. आमच्या वस्तीपासून काही तासांच्या अंतरावर.

आणि ग्रीक? ती भाषा आपल्याला इतकी परकी का वाटावी? येऊरचा डोंगर ओलांडला की कान्हेरीची लेणी आहेत, तिथल्या दानलेखांत कल्याणच्या व्यापाऱ्यांची नावं आहेत. आणि हेच कल्याण पहिल्या शतकातल्या ग्रीक दर्यावर्दी ग्रंथात 'कल्लिएना' म्हणून येतं. कार्ल्याच्या लेण्यात यवनांनी दिलेल्या दानांचे लेख आहेत. बौद्ध वाङ्मयातला सर्वांत प्रसिद्ध संवाद एका ग्रीक राजाशी झालेला आहे. मिनँडर, म्हणजेच मिलिंद, ज्याचं नाव बाबासाहेबांनी औरंगाबादच्या महाविद्यालयाला दिलं. त्या संवादात भन्ते नागसेन राजाला रथ सुटा करून दाखवतात : चाक रथ आहे का, आस रथ आहे का, जू रथ आहे का? एकही नाही. सुटे भाग विशिष्ट रीतीने जोडले की त्याला व्यवहारात 'रथ' म्हणतात.

आम्हाला वैद्यकीय शब्द शिकवताना याहून चांगलं उदाहरण सापडलेलं नाही. 'सॅल्पिंगो-ऊफोरेक्टॉमी' हाही रथच आहे. मीमांसकांच्या मते शब्द आणि अर्थ यांचं नातं नित्य, कोणी न घडवलेलं. शब्दच अपौरुषेय असेल तर तो फोडायचा कसा? पाठ करायचा आणि ज्याच्या ओठांवर आहे त्याच्या पाया पडायचं. बौद्धांनी सांगितलं, शब्द माणसांनी ठरवलेला संकेत आहे. माणसांनी जोडला, माणूस सुटा करू शकतो.

आणि माणसांनी जोडला म्हणूनच त्यात माणसांच्या चुकाही भरलेल्या आहेत. मलेरिया म्हणजे इटालियनमध्ये 'वाईट हवा'. १८९७ साली सिकंदराबादला रोनाल्ड रॉसने डासाच्या पोटात परजीवी दाखवला, हवेचा सिद्धान्त गेला, शब्द राहिला. हिस्टेरिया हा शब्द त्याच हिस्टेरापासून, गर्भाशयापासून आला. बाईचं दुखणं, बाईचा संताप, बाईचं रडणं सगळं तिच्या गर्भाशयातून येतं, ही पुरुषी समजूत त्या शब्दात दोन हजार वर्षं बसून होती. १९८० साली अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेतून तो आजार म्हणून वगळला गेला. शब्द फोडायला शिकलं की अर्थ तर कळतोच, त्यातला पूर्वग्रहही उघडा पडतो.

मुंबई इलाख्यात काय घडलं?

आपल्याकडे वैद्यकीय शिक्षण पहिल्यापासून इंग्रजीतच होतं, असा समज आहे. तो खरा नाही. १८२६ साली मुंबईत नेटिव्ह मेडिकल इन्स्टिट्यूशन सुरू झाली. डॉ. जॉन मॅक्लेनन तिचे प्रमुख होते, आणि त्यांनी वैद्यकीय पुस्तकं मराठी-गुजरातीत आणण्याचं काम केलं. १८३२ साली ती बंद झाली. कलकत्त्याची १८२२ ची तशीच संस्था १८३५ साली बंद होऊन तिथे इंग्रजी माध्यमाचं मेडिकल कॉलेज आलं. मुंबईत १८४५ साली ग्रँट मेडिकल कॉलेज उभं राहिलं, इंग्रजीत. पुढे तिथे दुय्यम दर्जाचे वैद्यकीय मदतनीस तयार करण्यासाठी मराठीतून वर्गही चालले, डॉ. रखमाबाईंचे सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन अशा वर्गाला शिकवत. म्हणजे रचना अशी झाली : इंग्रजीत शिकेल तो डॉक्टर, मराठीत शिकेल तो मदतनीस. भाषेची उतरंड तेव्हाच ठरली.

पण यातही खरा प्रश्न भाषेचा नाही, उंबरठ्याचा आहे. ग्रँट मेडिकलची पहिली तुकडी १८५१ साली पदवी घेऊन बाहेर पडली. त्यात भाऊ दाजी लाड होते, आत्माराम पांडुरंग होते, पारशी होते, गोमंतकीय ख्रिस्ती होते. पाचच वर्षांनी, १८५६ साली, धारवाडच्या सरकारी शाळेत प्रवेश मागणाऱ्या महार मुलाला दार बंद केलं गेलं आणि मुंबई सरकारने त्या नकाराला मान तुकवली. बाबासाहेबांनी हे प्रकरण पुढे पुन्हा पुन्हा मांडलं. एकीकडे नेटिव्ह डॉक्टर तयार होत होते, दुसरीकडे आमच्या मुलाला बाराखडीही मिळत नव्हती. मग वैद्यकाची भाषा इंग्रजी होती की मराठी, याने त्याला काय फरक पडणार होता?

१८९६-९७ च्या प्लेगमध्ये हे तीन थर एकाच वेळी दिसतात. सरकारी कागदांत 'ब्युबॉनिक प्लेग'. ब्युबॉन म्हणजे ग्रीकमध्ये जांघ. जांघेत गाठ येते म्हणून. शिकलेल्यांच्या मराठीत 'ग्रंथिक सन्निपात'. आणि लोकांच्या तोंडी 'गाठीचा ताप'. तिन्हींचा अर्थ जवळजवळ एकच! पण फर्मान पहिल्या भाषेत निघत होतं, अग्रलेख दुसऱ्या भाषेत लिहिला जात होता आणि मरणारे तिसऱ्या भाषेत मरत होते. त्या काळात मुंढव्याच्या महारवाड्यातल्या आजारी मुलाला पाठीवर घेऊन यशवंतरावांच्या दवाखान्यात आणणाऱ्या सावित्रीमाईंना शब्दाची अडचण आली नाही. त्यांनी हात लावला. १० मार्च १८९७ रोजी त्याच रोगाने त्या गेल्या.

मग मराठी आली, पण कोणाची?

संयुक्त महाराष्ट्र झाला. १९६० साली भाषा संचालनालय स्थापन झालं आणि पुढे शारीर, विकृतिशास्त्र, औषधशास्त्र अशा विषयांचे परिभाषा कोश निघाले. मेहनत मोठी होती, ती आम्ही नाकारत नाही. पण पद्धत कोणती? ग्रीक तुकड्याला संस्कृत तुकडा. हीच वाट हिंदीत डॉ. रघुवीर यांनी घालून दिली होती : संस्कृतचे धातू, उपसर्ग, प्रत्यय जोडा आणि हवे तितके शब्द पाडा. हिस्टरेक्टॉमीला 'गर्भाशयोच्छेदन'. हेपॅटायटिसला 'यकृतशोथ'. आमच्या ताईच्या कार्डावर 'उभयपार्श्वीय अंडाशयोच्छेदन' लिहिलं असतं तर तिला चार वर्षं आधी कळलं असतं का? पेटीला कुलूप तेच, किल्ली फक्त एका जुडग्यातून काढून दुसऱ्या जुडग्यात घातली.

संस्कृतातून घडलेला प्रत्येक शब्द वाईट, असा आमचा हट्ट नाही. 'मधुमेह' घराघरात रुजला. आमच्या ठाण्याचंच उदाहरण घ्या. १९०१ पासून इथे वेड्यांचं इस्पितळ आहे. 'याला ठाण्याला पाठवा' हा महाराष्ट्रभर चाललेला विनोद आम्ही लहानपणापासून ऐकला आहे. 'वेडा'च्या जागी 'मनोरुग्ण' आला, तेव्हा त्या शब्दाने आजारी माणसाला माणूसपण दिलं. शब्द कुठल्या भाषेतून आला याला आमच्या लेखी महत्त्व नाही. तो कोणासाठी घडवला, एवढंच आम्ही विचारतो.

लोकांनी आपला कोश कधीच केला आहे. 'शुगर वाढली', 'बीपीची गोळी', 'किडनी धुतात', 'पिशवी', 'अंगावरून जातं'. हे शब्द अडाणी नाहीत. 'किडनी धुणं' यात रक्तातला मळ काढण्याची कल्पना बरीचशी बरोबर पकडलेली आहे. कोशकारांनी वस्तीत बसून हे शब्द गोळा केले असते तर? २०२२ साली मध्य प्रदेशात एम.बी.बी.एस.ची पुस्तकं हिंदीत आणली, तेव्हा मोठा गाजावाजा झाला; मराठीतही आणू असं बोललं जातं. डॉक्टर कोणत्या भाषेत शिकतो याची चर्चा होते. रुग्णाला कोणत्या भाषेत सांगतो, याची होत नाही.

'अर्धवट ज्ञान धोक्याचं' हा आक्षेप

आम्ही वस्तीत हे तुकडे शिकवायला लागल्यावर पहिला आक्षेप हाच आला, आणि तो आपल्याच एका डॉक्टर मित्राकडून आला. आम्ही तो गांभीर्याने घेतो. तुकडे फसवतात. 'ओमा' म्हणजे गाठ, पण प्रत्येक ओमा कॅन्सर नसतो. हिमॅटोमा म्हणजे साकळलेलं रक्त, ग्लॉकोमा तर गाठही नाही. 'इलियम' नावाचं आतडं आहे आणि 'इलियम' नावाचं कमरेचं हाडही आहे. हायपो आणि हायपर कानाला जवळजवळ सारखे, अर्थाने उलटे. म्हणून आमच्या वर्गात पहिला नियम असा : शब्द फोडायचा तो प्रश्न विचारण्यासाठी, स्वतः निदान करण्यासाठी नाही, आणि गोळी बदलण्यासाठी तर मुळीच नाही.

पण या आक्षेपातला दुसरा अर्थही ओळखला पाहिजे. 'तुम्हाला अर्धवट कळेल, म्हणून काहीच कळू नये' हे वाक्य आम्ही कुठे ऐकलंय? महात्मा फुल्यांनी हंटर आयोगासमोर शिक्षण मागितलं तेव्हाचं आहे ते. अर्धवट ज्ञान धोक्याचं असेल तर ते पूर्ण करून देणं हा उपाय आहे, हिरावून घेणं नव्हे. आणि 'पिशवी काढली' एवढंच सांगून घरी पाठवणं, हे अर्धवट ज्ञान नाही का? ते कोणी दिलं?

काही मित्र म्हणतात, आता मोबाइलवर सगळं कळतं. समाजशास्त्राच्या एम.ए.ला आम्ही बूर्द्यूचं सांस्कृतिक भांडवल शिकलो. त्याचा साधा अर्थ असा की शोधायचं काय हे ज्याला आधीच माहीत असतं, त्यालाच सापडतं. ताईच्या हातातही मोबाइल होता.

आम्ही काय करतो, काय मागतो

दर पंधरा दिवसांनी रविवारी, धम्मवंदना झाली की बुद्धविहारात तासभर वर्ग असतो. भिंतीवर शरीराचं चित्र. अवयवाजवळ तीन नावं : आपलं, कोशातलं, कार्डावरचं. काळीज-यकृत-हेपॅट. फोपसं-फुप्फुस-न्यूमॉन. सतिपट्ठान सुत्तातल्या अवयवांची नावं आली की बायका आपणहून जोडतात; पालीतलं 'पप्फास' आणि आपलं 'फोपसं' किती जवळचं आहे, हे आम्ही नाही, एका साठीच्या आजींनी दाखवून दिलं. बाबासाहेबांना मधुमेह होता आणि न्यूरायटिसचा त्रास होता, हे सगळ्यांनी ऐकलेलं असतं. न्यूर म्हणजे मज्जातंतू, आयटिस म्हणजे दाह. त्या दिवशी वर्गातल्या एकीने विचारलं, "म्हणजे बाबासाहेब इतकं दुखत असताना लिहीत होते?" एक शब्द फुटला आणि त्यातून एक माणूस दिसला.

मागण्या आमच्या मोठ्या नाहीत. डिस्चार्ज कार्डावर इंग्रजी शब्दाखाली साध्या मराठीत तीन ओळी : काय काढलं, काय ठेवलं, पुढे काय त्रास होऊ शकतो. संमतिपत्र रुग्णाच्या भाषेत, आणि सही करण्याआधी ते वाचून दाखवणं. रुग्णाच्या हक्कांची सनद दवाखान्यात लावणं २०२१ च्या सुधारित शुश्रूषागृह नियमांनुसार बंधनकारक आहे. ती रुग्णाच्या नजरेला पडेल अशी, मराठीत लावा. आपल्या उपचारांची कागदपत्रं मागितल्यावर ७२ तासांत मिळणं हा हक्क आहे. तो मागायला आम्ही शिकवतो. आणि आठवी-नववीच्या विज्ञानात हे वीस-पंचवीस तुकडे शिकवा. इंग्रजी सोडा असं आम्ही म्हणत नाही. ग्रीक-लॅटिनचे हे तुकडे जगभर चालतात, मग ते आमच्या पोरांना का मिळू नयेत? आमच्यातून डॉक्टर झाले पाहिजेत आणि होत आहेत. पण सगळी वस्ती डॉक्टर होईपर्यंत पेटीतलं कार्ड वाट बघत थांबणार नाही.

ती ताई आता सरकारी रुग्णालयात हाडांची तपासणी करून उपचार घेते. गेलेले अवयव परत येत नाहीत. मागच्या महिन्यात शेजारणीला घेऊन ती एका दवाखान्यात गेली होती. डॉक्टर म्हणाले, छोटंसं ऑपरेशन आहे. ताईने कागद बघितला आणि विचारलं, "सर, नुसतं बघणार का काढणार? शेवटाला एक्टॉमी लिवलंय म्हणून इचारते."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि खुर्ची पुढे ओढून समजावून सांगितलं.

जय भीम.